डावं आमसूल

कल्पिताला मी पाचवीपासून ओळखते, मी तिची वर्गशिक्षिका होते. शाळेत लस टोचायला नर्सबाई यायच्या तेव्हा निम्मा वर्ग बाकाखाली असायचा. कल्पिता मात्र फळ्यापुढे यायची आणि नर्सबाईंची नक्कल करायची. मान तिरकी करून सुई उजेडात धरायची आणि नाकात बोलायची, "काही नाही गं, मुंगी चावली म्हण." वर्ग खिदळायचा, बाकाखालची मुलं बाहेर यायची. एकदा तिला शाबासकी द्यायला मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो खांदा थरथरत होता. ही मुलगी घाबरली की लोकांना हसवते, हे मला तेव्हा कळलं.

पुढे ती नागावातल्याच विनेशची बायको झाली. विनेश रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवतो. घरामागे नारळीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या, आणि वाडी संपते तिथे सुरूची झाडं आणि समुद्र. स्वयंपाक सासूबाई बघतात, पाहुणे कल्पिता बघते. पाहुणे परत परत येतात ते बऱ्याच अंशी तिच्यासाठी. जेवताना ती समोर उभी राहून सरपंचांपासून वायरमनपर्यंत सगळ्यांना नकलांतून त्यांच्या ताटाशी आणते.

निसर्ग वादळानंतर सुरूच्या झाडांपाशी एक बोया येऊन पडला. बोटींना वाट दाखवायला समुद्रात तरंगत ठेवतात, तसला. नारिंगी रंगाचा, लोखंडी, छातीइतका उंच, वाळूत अर्धा रुतलेला. कोणाचा होता ते कळलं नाही, न्यायलाही कोणी आलं नाही. विनेश त्यावर ओली बनियन वाळत घालायचा.

त्या बोयाचा देव झाला तो पुण्याच्या चार मुलांमुळे. संगणकावरच्या नोकऱ्या करणारी, भली, मोठ्याने बोलणारी मुलं. सकाळी चौघे नाश्त्याला आले ते डोक्यावर भोकाभोकांच्या स्टीलच्या चाळणी घालून. सासूबाई धावत स्वयंपाकघरात गेल्या आणि आपली चाळण जागेवर आहे ना ते बघून आल्या.

"आजी, हे आमच्या धर्माचं शिरस्त्राण आहे," एकजण म्हणाला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. परदेशात लोकांनी थट्टेने एक धर्म काढला आहे, त्यांचा देव शेवयांचा. देवाच्या नावावर कोणी काहीही खपवतं, मग आमच्या शेवयांनी काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. काही जणांनी तर चाळण डोक्यावर ठेवलेला फोटो सरकारी परवान्यावर लावून घेतला म्हणे.

"म्हणजे देव खोटा आणि भक्त खरे?" कल्पिताने विचारलं.

"तसंच काहीतरी, ताई."

"मग आमच्याकडचं दर्शन न घेता कसे जाणार? आमचाही आहे की."

ती त्यांना बोयापाशी घेऊन गेली. त्यावरची विनेशची बनियन तिने उचलली आणि तिथेच, उभ्या उभ्या, तिने एक अख्खा पंथ उभा केला. देवाचं नाव तरंगेश्वर. त्याची एकच आज्ञा, बुडायचं नाही. दर्शनाला चपला घालूनच यायचं, कारण वाळू तापते आणि देवाला भक्तांच्या पायाची काळजी आहे. नैवेद्य पाहुण्यांनी आणलेल्या वेफर्सचा, तोही पाकीट अर्धं रिकामं असलेलं, कारण देवाला हवा आवडते. आणि कौल.

आमच्या ग्रामदेवीच्या देवळात कौल लावतात. काही अडलं तर गुरव देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, जमीन, आजारपण, लोक सगळं विचारतात. कल्पिताने पाकळ्यांच्या जागी आमसुलं घेतली. भिजवलेलं आमसूल बोयाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायचं, डोळे मिटून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. "देवा, माझा साहेब बदलेल का?" असले प्रश्न. जे टिकायला हवं ते आमसूल कल्पिता गुरवाचा आव आणून अंगठ्याने घट्ट दाबायची. दुसरं आपोआप गळायचं. मुलं वाळूत लोळून हसली.

त्यांनी त्याची चित्रफीत काढून सगळीकडे पाठवली. पुढच्या मोसमात पाहुणे खोली ठरवतानाच विचारायला लागले, तरंगेश्वर तुमच्याकडचाच ना? विनेशने फळी रंगवून लावली, "कृपया चपला काढू नयेत." सासूबाईंची तक्रार एवढीच, की आमसुलं वाया जातात.

मी एकदा तिला म्हटलं, "कौल तरी वगळायचास."

"बाई, ती तर खरी गंमत आहे," ती म्हणाली.

एका सकाळी ती झाडलोट करायला बोयाकडे गेली आणि तिथे तिला चपलांचा एक जोड दिसला. फळीच्या अगदी खाली, नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेला. रबरी, निळ्या पट्ट्यांचा, एक पट्टा जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेला. पाहुण्यांपैकी कोणाचा नव्हता. पाहुणे इथे चपला काढत नाहीत, तीच तर थट्टा. चपला काढणारं माणूस थट्टेला आलेलं नव्हतं. कल्पिताने झाडू बाजूला ठेवला आणि बोयाकडे बघितलं.

बोयाच्या उजव्या अंगाला एक आमसूल चिकटून होतं. डावं खाली वाळूत पडलं होतं.

थोड्या वेळाने ठमी पडवीत टोपली उतरवून बसली. ठमी रेवदंड्याची कोळीण, जाळी शिवणाऱ्या नामाची बायको. कल्पिताच्या घरी रोज मासळी तीच घालते. तिचे पाय अनवाणी होते.

"ठमीकाकी, बोयाकडे तू गेली होतीस?"

"व्हय. चपला थितंच इसरले बघ."

"चपला कशाला काढल्यास गो? पाटी नाही वाचलीस?"

"मना कुटं वाचता येतं? देवासमोर काडल्या."

कल्पिता हसली. "आणि काय विचारलंस देवाला? बोंबलाचा भाव?"

ठमी हसली नाही. टोपलीतले बांगडे एका बाजूला सारत ती म्हणाली, "नामाच्या पायाचं इचारलं. साखर हाय ना त्याला. दोन बोटं काली पडलीत. डाक्टर बोलतो काडून टाकाची, न्हायतर वर चढंल. मी देवाला इचारलं, नेऊ का? देव नको बोलला. डावं गळलं."

कल्पिताच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिला एक गोष्ट माहीत होती, जी दुसऱ्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. कोणी अंगठा दाबला नाही, तर सकाळच्या वेळी डावं आमसूलच आधी गळतं. त्या बाजूला ऊन आधी येतं, ते आधी वाळतं. त्या बोयाला सकाळी कोणीही काहीही विचारलं असतं, तरी उत्तर एकच आलं असतं. नाही.

"काकी, ऐक. तो देव नाही. तो बोया आहे. ती सगळी मीच रचलेली थट्टा आहे, चाळणीवाल्या पोरांना हसवायला."

"मंग एवडी माणसं दर्शनाला येतात ती?"

"ते पाहुणे. मजा करायला येतात."

"पाव्हनी माणसं न्हाईत?" ठमीने बांगडे मोजून ताटात टाकले, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. चपला राहिल्याच.

दुपारी विनेश जेवायला आला तेव्हा कल्पिताने त्याला सांगितलं. त्याने घास हातात धरून ठेवला.

"तू आता गप बस," तो म्हणाला.

"तो मरेल, विनेश."

"मेला तर लोक आपल्या दारात येतील, तुमच्या देवाने मारला म्हणून. आणि तू देव खोटा आहे म्हणून सांगत फिरलीस, तरी येतील, देवाची चेष्टा केलीत म्हणून. कुठूनही आपणच. फळी काढतो मी आजच."

"फळी काढून त्याचा पाय बरा होणार आहे?"

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. ओट्यावर बसली, पाणी दिलं ते प्यायली नाही. "बाई, नामाकाका गेला तर तो मी मारला." मी वाट बघत होते, आता ती डॉक्टरांची किंवा ठमीची नक्कल करेल. तिने काहीच केलं नाही. शाळेतला तो खांदा मला आठवला. आज तो थरथरत असलेला लांबूनही दिसत होता.

"चल ठमीकडे," म्हणत मी चपला घातल्या. विनेश नको नको म्हणत होता, पण रिक्षा त्यानेच काढली.

ठमीचं घर रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, खाडीच्या तोंडाशी आहे. दारात मासळी सुकत टांगलेल्या बांबूच्या वलांडी, आत एक खोली आणि चूल. नामा खाटेवर बसून जाळं शिवत होता. एक पाय फडक्यात गुंडाळून उशीवर ठेवलेला. पायाशी उदबत्ती लावली होती. उदबत्ती कशासाठी ते आत पाऊल टाकल्याबरोबर कळलं.

"या बाई," नामा म्हणाला. "वर्ग भरवताय?"

"पाय कसा आहे?"

"हाय थितंच. अजून पलून गेला न्हाय."

"दवाखान्यात का जात नाही?"

त्याने हातातल्या सुईने ठमीकडे खूण केली. "पाय माजा, पन मालकीन ती. ती बोलंल तसं."

ठमी चुलीशी पाठ करून बसली होती. कल्पिता तिच्याकडे गेली आणि तिच्याच मांडणीवरच्या बरणीतून तिने दोन आमसुलं काढली. पाण्यात बुडवली आणि पाण्याच्या स्टीलच्या हंड्याला दोन बाजूंना लावली.

"बघ काकी. हे मी दाबलं. हे दाबलं नाही. कुठलं पडतं बघ."

आम्ही सगळे त्या हंड्याकडे बघत राहिलो. न दाबलेलं आमसूल घसरत घसरत खाली आलं आणि पडलं. कल्पिताने ते उचललं आणि बाजू बदलली. आता दुसरं पडलं. तिने तिसऱ्यांदा लावलं. या वेळी घाईत दाबलेलंही सुटलं.

"दिसलं ना? यात देव नाही. माझा अंगठा आहे. सकाळी ऊन आहे. अजून कसं दाखवू?"

इतर वेळी ह्या खेळाला लोक पोट धरून हसायचे. नामाने जाळं खाली ठेवलं. ठमी उठली आणि बाहेर गेली.

ती वलांडीखाली बसली होती, पदर तोंडावर धरून. कल्पिता तिच्यासमोर उकिडवी बसली. मी दाराशी थांबले.

"मना येडी समजतेस?" ठमी म्हणाली. "बोया मी बगितला न्हाय कदी? माजा सगला जलम बोयांच्यात गेला. बोया हाय ते मना ठाव हाय. तू थट्टा केलीस ती बी ठाव हाय. नागावात कोनाला ठाव न्हाय?"

"मग त्याला का विचारलंस?"

"देवीला इचारलं असतं तर ती खरं बोलली असती ना."

कल्पिताला कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही.

"माज्या भावाचं असंच झालं," ठमी म्हणाली. "आदी अंगठा. मंग पाऊल. मंग गुडगा. दर टायमाला देवीला इचारलं, देवीनं उजवा दिला, आम्ही नेला. दर टायमाला थोडा कमी होऊन परत आला. शेवटी खाटंवर मानूस कमी नि चादर जास्त. मी परत देवीसमोर जाऊन उभी ऱ्हाऊ? ती 'ने' बोलली असती. मंग मना न्यावं लागलं असतं. म्हनून खोट्याकडं गेले. बोलले, खोटा हाय, तो तरी नको बोलंल."

तिने पदर काढला. "आनि बोलला गो नको. मना एवडं बरं वाटलं. आज दुपारी झोपले मी, किती दिसांनी."

खाडीवरून वारा येत होता, डोक्यावरचे बोंबील हलत होते. कल्पिता तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "काकी, मला फार भीती वाटते."

"मना बी."

इतक्या वर्षांत कल्पिताच्या तोंडून भीतीचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"असं कर," कल्पिता म्हणाली. "दवाखान्यात दाराशी मी बसते. तू घरीच थांब. डॉक्टर काय ते मला सांगतील. तुला ते ऐकायला उभं राहायला नको."

"आनि वाईट आयकून आलीस तर? तू हसवशील मना."

"नाही हसवणार. जे असेल ते सरळ सांगेन. शप्पथ."

"कोनाची शप्पथ? त्या बोयाची?"

"तुझी."

ठमीने नाक पुसलं. आत जाऊन ती नामाला म्हणाली, "ऊठ. रिक्षा आलीय."

"देव नको बोललाय ना?"

"देवाला मी बगते. तू ऊठ."

विनेशने आणि शेजारच्या दादूने त्याला उचलून रिक्षात ठेवलं. त्याचं अंग तापलं होतं. अलिबागच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तो डोळे मिटायचा आणि आम्ही त्याचा श्वास ऐकायचो. ठमी घरी थांबली नव्हती. ती पुढे विनेशच्या शेजारी कशीबशी बसली होती, अनवाणीच.

डॉक्टरांनी फडकं सोडलं. काळं बोटांवर थांबलं नव्हतं, पावलावर चढलं होतं आणि त्याच्या वरची कातडी लालभडक होती. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आला असतात तर बोटांवर भागलं असतं, असं ते म्हणाले. रागावून नाही, थकून. आता पाय घोट्याच्या वर काढावा लागेल, आणि तोही लगेच. जंतू रक्तात गेलेत, तेव्हा जगेल की नाही ते आज सांगता येत नाही.

कल्पिता दाराशी बसली. ठमी तिच्याशेजारी फरशीवर, तिचा हात धरून. आत दिवा लागला. बाहेर कोणीतरी टपरीवरून चहा आणला, तो तसाच गार झाला. दर वेळी दार उघडलं की दोघी एकदमच उभ्या राहायच्या, आणि बाहेर यायचा तो बादली घेतलेला सफाईवाला.

शेवटी डॉक्टर आले ते कल्पिताशी बोलले. ती ठमीकडे वळली.

"पाय गेला, काकी. घोट्याच्या वर. काका आहेत. ताप उतरला तर राहतील."

"आदी आनला असता तर?"

मी मनात म्हटलं, आता हिने खोटं बोलावं. पण तिने शब्द दिला होता.

"बोटंच गेली असती."

ठमीने तिचा हात सोडला. भिंतीकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळाने, तशीच भिंतीकडे बघत, तिने हात मागे केला आणि कल्पिताचा हात पुन्हा शोधून धरला.

नामा राहिला. आता कुबडी घेऊन फिरतो, खाटेवर बसून जाळी शिवतो आणि पोरांना सांगतो की एक पाय खाडीत विसरलाय. ठमी मासळी घेऊन येते. कल्पिताच्या पडवीत बसते. पूर्वीपेक्षा कमी बोलते.

फळी विनेशने काढली. चित्रफीत कल्पिताने त्या पुण्याच्या मुलांना फोन करून काढून टाकायला लावली. त्यांनी काढली, पण तोवर ती कुठे कुठे गेली होती ते त्यांनाही सांगता येईना. बोया मात्र आहे तिथेच आहे.

"यंत्र आणून उचलून टाका ना," मी एकदा म्हटलं.

"विनेश तेच म्हणतो. पण बाई, हलवला तर लोक म्हणतील देव रागावून गेला. मग तो खराच होईल."

तिने त्यावर पुन्हा बनियनी वाळत घालायला सुरुवात केली. नामा एकदा विनेशच्या रिक्षातून आला होता, कुबडी टेकून वाळूतून चालत गेला आणि बोयावर बसला. "बसाया बरा हाय," म्हणाला. कल्पिताने पाहुण्यांना मुद्दाम दाखवलं, बघा, यावर माणसं बसतात. पाहुण्यांनी त्याचाही फोटो काढला.

रोज उठल्यावर, चहा ठेवायच्या आधी, ती ओलं फडकं घेऊन बोयाकडे जाते. कधी काही नसतं. कधी दोन्ही बाजूंना आमसुलं असतात, अजून ओली. ती दोन्ही पुसून टाकते, ऊन यायच्या आत, कोणाला उत्तर मिळायच्या आत.

मागच्या आठवड्यात सासूबाईंना बरं नव्हतं, म्हणून तिला उशीर झाला. मी सकाळची फिरायला किनाऱ्यावर गेले होते. ती बोयापाशी उभी होती, फडकं हातात. उजवं आमसूल चिकटलेलं होतं. डावं वाळूत पडलेलं, सुकलेलं. वाळूत पावलांचे ठसे होते, अनवाणी, लहान. बाईमाणसाचे असावेत.

"बाई, कोण असेल?" तिने विचारलं.

मी रस्त्याकडे जाणाऱ्या ठशांकडे बोट केलं.

ती ठशांमागून चालू लागली. सुरूच्या झाडांतून, वाडीच्या कडेने, डांबरी रस्त्यापर्यंत. तिथे ठसे संपले. ती रस्त्याच्या मध्ये उभी राहून दोन्हीकडे बघत होती. मग पलीकडच्या पहिल्या घराचं फाटक तिने ढकललं.

"राहीवहिनी," तिची हाक मला ऐकू आली, "घरात कोणी आजारी आहे का?"

"नाही गं. का? आज कोणाची नक्कल?"

"कोणाची नाही," कल्पिता म्हणाली आणि पुढच्या फाटकाकडे गेली.